चारशे हाका समुद्रात

माझ्या नकाशावर ती चौघंही समुद्रात गेली होती. घरी पोचायची माणसं. ती घर, गल्ली, बुरूज, किनारा सगळं ओलांडून चारशे हाका आत पाण्यात चालत गेली होती. आणि पुस्तकात मात्र त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाय शेकत बसली होती. दोघांपैकी कोणीतरी एक चुकलं होतं. मी, नाहीतर लेखिका.

ज्यांनी ‘मुकी घंटा’ वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि थोडक्यात सांगणं मला जमत नाही हेही आधीच कबूल करतो. पाच जाडजूड खंड आहेत. किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या बुरुजावरची मोठी घंटा एके सकाळी मुकी होते आणि त्या दिवसापासून तिथे कुणाला कुणाचं नाव आठवेनासं होतं. लोक एकमेकांना धंद्यावरून, नात्यावरून, खोडींवरून ओळखू लागतात. मग चौघं जण घंटेचा लोलक काढून घेऊन, जिथे ती घंटा ओतली गेली त्या डोंगराकडे निघतात. ठिणगी म्हणून ओळखली जाणारी पंधरा वर्षांची मुलगी, तिची उतारवयातली आत्या, एक म्हातारा ओतारी आणि धोंडा. धोंडा हा अख्खा दगडाचा माणूस. पहिले तीन खंड जाण्याचे, शेवटचे दोन परतीचे.

पहिला खंड मी बत्तिसाव्या वर्षी वाचला, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत. आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मोजणी कचेरीत चौतीस वर्षं आरेखक होतो. म्हणजे दुसऱ्यांनी उन्हात फिरून मोजून आणलेल्या जमिनी मी पंख्याखाली बसून शाईने कागदावर उतरवायचो. स्वतः एकही शेत चालून पाहिलं नाही. बायको म्हणते, ‘हे जग बघून आलेत, पण सगळं एकास दोन हजारात.’

या पुस्तकात नकाशा नाही. प्रकाशकाने मागितला तेव्हा लेखिका म्हणाल्या म्हणे, ‘ज्याला जायचंय तो चालेल.’ बाई आता हयात नाहीत. पण त्यांनी मजकुरात इतकं काही पेरून ठेवलंय की अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, मला राहवलं नाही. त्या देशात अंतर हाकेने मोजतात. एकाने ओरडावं आणि दुसऱ्याला जेमतेम ऐकू यावं, एवढी एक हाक. सडकेला हाकेचे दगड आहेत आणि प्रवासी प्रत्येक मुक्कामाला दगडावरचा आकडा वाचतात. आकाशात दोन चंद्र आहेत, एक नऊ दिवसांत भरतो आणि दुसरा एकवीस, आणि बाई प्रत्येक रात्री दोघांचा आकार सांगतात. म्हणजे अंतर कळलं, तारीख कळली, दिशा नद्यांवरून आणि ताऱ्यांवरून कळली. आणखी काय हवं माणसाला?

जातानाचा रस्ता माझ्या कागदावर असा बसला, जणू बाईंनी माझ्याच टेबलावर बसून लिहिलं होतं. सपाटीवर दिवसाला साठ हाका. तीनही खंडांत साठच, कधी एकोणसाठ, कधी एकसष्ट. परतीला मात्र सडकेवर पहारे बसलेले असतात, म्हणून चौघं जण बिनदगडाच्या रानातून येतात. एकतीस दिवसांची चाल. तिथे मी साधी गोष्ट केली, दिवसांना साठने गुणलं. आणि माणसं समुद्रात गेली.

मी ते पुन्हा काढलं. तीन वर्षांत सात वेळा पुन्हा काढलं. दर वेळी चारशेला दोन कमी, एवढ्या हाका पाण्यात.

आता ‘बुरूज’बद्दल सांगायला हवं. हा आमचा ऑनलाइन वाचकगट, आठशेच्या आसपास माणसं. आठवड्याला एक प्रकरण सगळ्यांनी वाचायचं, त्यावर लिहायचं आणि रविवारी सकाळी अकरा वाजता तासभर बोलायचं. पाच खंडांना तीन वर्षं लागतात. ही तिसरी फेरी. पुस्तकातल्यासारखंच इथेही कुणी खरं नाव सांगत नाही. गट चालवणाऱ्या बाई ‘मॉनिटर’, दिवसा औषधांच्या दुकानात असतात आणि तिथल्याच शिस्तीने आम्हाला वागवतात. ‘भट्टी’ हा पावाच्या कारखान्यातला कामगार, जिभेला हाड नसलेला. मी ‘पेन्सिल’. आठ वर्षांत मी लिहिलं असेल वीस-पंचवीस वेळा, प्रत्येक वेळी चार तास खाडाखोड करून. रविवारच्या बोलण्यात माझा माइक कधीच सुरू झालेला नव्हता. ऐकायचो. मध्ये कुणी छान बोललं तर एकटाच मान हलवायचो, आणि बायको आतून विचारायची, ‘कोणाला हो म्हणताय?’

फेरी संपत आली की मॉनिटर एक छोटी पुस्तिका छापून सभासदांना पाठवतात. या वेळी कुठून कोण जाणे, माझ्या नकाशाची बातमी त्यांना लागली. बहुधा मीच कधीतरी बोलून गेलो असेन. त्यांचा निरोप आला, ‘पेन्सिलकाका, पुस्तिकेत तुमचा नकाशा हवाच. बुधवारी छापायला जातेय. नाही म्हणू नका, मी ऐकणार नाही.’

नाही म्हणणं मला कधी जमलंय? पण खोटा नकाशा देणंही जमेना. परतीची वाट दाबून-दुमडून किनाऱ्यावर आणून थांबवता आली असती. कचेरीत असं करणारे मी पाहिलेत. मी मन घट्ट केलं आणि गटावर लिहिलं, की जातानाची वाट अचूक आहे, पण परतीच्या दोन खंडांत लेखिकेकडून सुमारे सात दिवस जास्त मोजले गेले आहेत. नकाशाखाली तशी टीप द्यावी लागेल.

पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला.

अर्ध्या तासाने बाहेर काढला तर दोनशे निरोप. निम्मे मला ‘सर’ म्हणत होते. इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही ते या माणसाने पाहिलं, वगैरे. उरलेले निम्मे चिडलेले.

भट्टीने लिहिलं होतं, ‘सात दिवस जास्त नाहीत हो, सात दिवस नाड्या बांधण्यात गेलेत. खंड चार आणि पाच म्हणजे नुसतं नाडीपुराण.’

हा गटातला जुना विनोद. परतीच्या वाटेवर ठिणगीच्या बुटाची नाडी सारखी सुटते. दर चार पानांनी ती खाली बसते. धोंडा वाटेतला कुठलाही दगड उचलून कानाला लावतो आणि ऐकत उभा राहतो. ओतारी तर चालता चालता गोष्ट सांगायला लागतो आणि नेमका रंगात आला की थांबून, हातवारे करून सांगतो. समीक्षकांनी तेव्हाच लिहिलं होतं की तिसऱ्या आणि चौथ्या खंडात नऊ वर्षांचं अंतर पडलं, लेखिकेची पकड सुटली, नुसता पसारा झाला. आम्ही ते प्रेमाने सोसायचो. आजीच्या त्याच त्या गोष्टी सोसाव्यात, तसं.

एकीने मात्र एवढंच लिहिलं होतं, ‘बाई असं करणार नाहीत.’ ते वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. कारण मलाही तसंच वाटत होतं. ज्या पुस्तकाने मला चाळीस वर्षं सांभाळलं, त्याच्या शेवटच्या पानाखाली मी ‘इथे चूक आहे’ अशी पाटी लावणार होतो. बरोबर असलो तरी ते मला आवडलं नसतं; आणि चुकीचा असलो तर? बाई उत्तर द्यायला नव्हत्या.

शनिवारी दुपारी मला खासगी निरोप आला. पाठवणारी ‘कुबडी’. तिच्या नावावरून आधी ती मला माझ्याच वयाची वाटायची. पण ती तिशीतली आहे आणि इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे.

‘काका, एक विचारू? तुमच्या नकाशात आत्या कशी चालते?’

मी लिहिलं, ‘चालते म्हणजे? सगळ्यांबरोबर.’

‘तेच विचारतेय. सगळ्यांच्या वेगाने?’

‘चौघं एकत्र असतात. चौघांचा वेग एकच.’

‘काका, तिचा खुबा मोडलाय.’

मला थोडा राग आला, खरं सांगतो. पहिल्या खंडाच्या दुसऱ्या प्रकरणात आत्या बुरुजाच्या जिन्यावरून पडते, हे काय मला माहीत नव्हतं? पण पुढे स्वच्छ लिहिलंय की हाड जुळलं आणि ती उठून उभी राहिली. त्यानंतर पाचही खंडांत तिच्या पायाबद्दल एक अक्षर नाही. मी पान क्रमांकासह तसं कळवलं.

तिचा फोनच आला. मी दोनदा वाजू दिला. मग उचलला.

‘घाबरू नका, चावत नाही मी,’ ती म्हणाली. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती, कुणीतरी खोकत होतं. ‘काका, हाड जुळणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्या वयात खुबा मोडला आणि नीट उपचार नाहीत, तर बाई उभी राहते, चालते, पण आयुष्यभर हळू चालते. मी रोज बघते. आमच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर पट्ट्या मारल्यात, त्यावरून मी माणसं चालवते.’

‘पण जाताना ती साठनेच गेली की. तीन खंड.’

‘जाताना ती कशावर होती?’

जाताना ती खेचरावर होती. लोलक जड होता, कुणीतरी तो मांडीवर घेऊन बसायला हवं होतं, म्हणून ओतारी तिला म्हणतो, ‘ताई, तूच बस.’ आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी खेचर मरतं.

‘ठीक आहे,’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. ‘पण मुली, हे असं चालत नाही. हवा तो वेग धरला तर कुठलीही वाट कुठेही नेऊन थांबवता येते. आकडा आधी ठरवून उत्तर जुळवणं म्हणजे लबाडी. वेग हळू होता याला पुस्तकात पुरावा काय? कुणी म्हणतं का, आत्या, लवकर चल? कुणी वैतागतं? ती एकदा तरी म्हणते, थांबा रे माझ्यासाठी?’

‘नाही म्हणत,’ ती म्हणाली. ‘काका, पेशंटला चालवताना सोबत घरची माणसं असतात ना. त्यांना पुढे जाववत नाही आणि थांबलोय असं दाखववतही नाही. मग ती काय करतात माहितेय? नोटीस बोर्ड वाचतात. आमच्या बोर्डावर दोन वर्षांपूर्वीची लसीकरणाची तारीख आहे. सगळे थांबून, अगदी मन लावून वाचतात.’

तिला कुणीतरी हाक मारली. ‘येते, येते! काका, मी रात्रपाळीपासून इथेच आहे, बडबड करत असेन. सोडून द्या हवं तर,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सोडून दिलं नाही. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. बायको समोर बसून वाटाणे सोलत होती.

‘अहो, त्या कडेला सरका. वाटाणा गेला तुमच्या समुद्रात.’

मला जे आठवलं होतं ते असं. परतीची रानवाट जुन्या सडकेला चार ठिकाणी ओलांडते, त्यामुळे तिचे पाच टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्प्याचं खरं अंतर सडकेच्या दगडांवरून काढता येतं. ते मी पूर्वीच काढलं होतं. पाचांपैकी दोन टप्पे, दुसरा आणि चौथा, साठच्या वेगाने अगदी बरोबर बसत होते. बाकीचे तीन लांब पडत होते. मी वहीत त्या दोघांपुढे लिहून ठेवलं होतं, ‘योगायोग’. स्वतःच्या अक्षरातला तो शब्द बघून मला लाज वाटली. चौतीस वर्षं मोजणी कचेरीत काढलेल्या माणसाने ‘योगायोग’ लिहावं!

दुसरा टप्पा. मी चौथा खंड उघडला. इथे नदी आहे. ओतारी आणि आत्या लोलक घेऊन तराफ्याने जातात, ठिणगी आणि धोंडा काठाकाठाने चालतात. चौथा टप्पा. मिठाचे व्यापारी भेटतात आणि आत्याला लोलकासकट आपल्या गाडीत घेतात. बाकीचे मागून पायी.

जे दोन टप्पे बरोबर बसत होते, नेमक्या त्याच दोन टप्प्यांत आत्या पायी नव्हती.

मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ वाटाणे सोलले.

‘बरं नाही वाटत का?’ बायकोने विचारलं.

‘तीन भागाकार करायचे आहेत.’

‘मग करा की. त्यात काय एवढं?’

पहिला टप्पा, दोनशे ऐंशी हाका, सात दिवस. चाळीस. तिसरा, दोनशे बेचाळीस हाका, सहा दिवस. चाळीस आणि वर एक तृतीयांश. पाचवा, पुन्हा दोनशे ऐंशी, सात दिवस. चाळीस.

मी काहीही ठरवून धरलं नव्हतं. आकडा तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगवेगळ्या खंडांतून, आपला आपण चालत आला होता. बाईंनी आत्याचा वेग ठरवला होता. मध्ये नऊ वर्षं गेली, समीक्षकांनी पकड सुटली म्हटलं, आणि त्या एका बाईची चाल लेखिकेने एका हाकेनेही चुकू दिली नव्हती. आणि पायाबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ‘काय झालं? पोचली का तुमची माणसं?’

‘पोचली,’ मी म्हणालो. ‘ती केव्हाच पोचली होती. मीच त्यांना पळवत होतो.’

रविवारी अकरा वाजता मी फोन टेबलावर ठेवून बसलो. शंभर-सव्वाशे जण होते. मॉनिटरनी हजेरी घेतल्यासारखी सुरुवात केली आणि मी माइकचं बटण दाबलं. दाबल्यावर काय बोलायचं ते सगळं विसरलो. लिहून आणलेला कागद समोर होता, पण चष्मा आतल्या खोलीत.

‘कोणीतरी श्वास घेतंय,’ भट्टी म्हणाला. ‘कोण आहे? घ्या, घ्या, चांगलं असतं.’

‘मी पेन्सिल,’ मी म्हणालो.

मग मॉनिटर हळूच म्हणाल्या, ‘काका? बोला ना.’

‘मी चुकलो. बाईंचं बरोबर आहे. सात दिवस जास्त नाहीत.’ आणि मग मी सांगत गेलो. खेचर, खुबा, तराफा, मिठाची गाडी. तीन भागाकार. कुबडीने फोन केल्याचं सांगितलं, कारण हे तिचं आहे, माझं नाही. मी फक्त भागाकार केले. मध्ये दोनदा अडखळलो. कुणी हसलं नाही.

माझं संपल्यावर भट्टी म्हणाला, ‘एक मिनिट. काका, टप्प्यांची प्रकरणं सांगा. दुसरा टप्पा कुठून कुठे?’

‘चौथ्या खंडातलं नववं ते बारावं.’

‘माझ्याकडे यादी आहे.’ त्याचा आवाज बदलला होता. ‘नाड्यांची. मी मागच्या फेरीत चेष्टा म्हणून गटावर टाकली होती, पानांसकट. सदतीस वेळा नाडी सुटते.’ कागद उलटल्याचा आवाज आला. ‘आठव्या प्रकरणात तीन. तेराव्यात दोन. नऊ ते बारा…’

आम्ही वाट पाहत राहिलो.

‘एकही नाही,’ भट्टी म्हणाला. ‘नऊ ते बारा एकदाही सुटत नाही. चौथ्या टप्प्याचं सांगा.’

‘पाचवा खंड, दुसरं ते सहावं.’

‘एकही नाही.’ आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘आईशप्पथ. ती मुद्दाम सोडते.’

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. शंभर घरांत शंभर पुस्तकं उघडली जात होती आणि पानांची सळसळ फोनमधून ऐकू येत होती. कुणीतरी म्हणालं, धोंडा तराफ्याच्या दिवसांत एकही दगड ऐकत नाही. दुसरं कुणीतरी म्हणालं, ओतारी गोष्ट सांगायला उभा राहतो तेव्हा बघा, दर वेळी चढ आहे. सपाटीवर तो चालता चालता सांगतो. एक बाई वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज फुटला, त्यांनी फक्त पान क्रमांक सांगितला. आम्ही सगळ्यांनी ते पान काढलं. मी ते निदान बारा वेळा वाचलं होतं. धोंडा कानाला दगड लावून उभा आहे. ठिणगी विचारते, काय म्हणतोय? धोंडा म्हणतो, काही नाही, जरा थांब म्हणतोय. आणि पुढच्याच ओळीत आत्या मागून येऊन पोचते.

‘आणि खेचर,’ मॉनिटर म्हणाल्या. ‘लोलक जड म्हणून ताई तूच बस. अहो, धोंडा दगडाचा आहे! त्याला लोलकाचं ओझं काय?’

चाळीस वर्षं. हजारो वाचक, तीन फेऱ्या, समीक्षक, मी आणि माझी अकरा वर्षांची मोजपट्टी. ती तिघं आमच्या डोळ्यांदेखत थांबत होती आणि एकालाही कळलं नव्हतं. आत्यालाही कळू नये म्हणून ती थांबत होती, आणि लेखिकेने आम्हालाही आत्याच्याच बाजूला उभं केलं होतं. मी लहानपणी एकदा उघड्या माळावर झोपून आकाश पाहिलं होतं; बघता बघता ते वर नसून खोल आहे असं वाटायला लागलं आणि मी जमीन घट्ट धरली होती. त्या सकाळी मी टेबलाची कड धरली.

मग कुबडी म्हणाली, ‘आत्याला खरंच कळलं नसेल, असं वाटतं तुम्हाला?’

मी अजूनही त्या प्रश्नावर आहे.

भट्टी शेवटी म्हणाला, ‘मॉनिटर, माझी ती यादी गटावरून काढून टाका. लाज वाटते.’

‘अजिबात काढणार नाही,’ मॉनिटर म्हणाल्या. ‘फक्त वरचं हसणारं चित्र काढते.’

सोमवारी मी नकाशा नव्याने काढला. वेगळा कागद, नवी निब. परतीच्या वाटेवर तीन टप्प्यांत मुक्काम जवळजवळ आले, दोन टप्प्यांत लांब लांब. दुपारी मॉनिटरांचा फोन आला.

‘काका, टीप काय द्यायची आता? थोडक्यात लिहा, दोन-तीन ओळी. की आत्या हळू चालते, म्हणून मुक्काम जवळ आहेत.’

मी पेन्सिल घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगण्यासारखं काही मिळालं होतं, आणि ते बरोबर आहे याची खात्रीही होती. ही तर त्याहून दुर्मिळ गोष्ट. मी दोन ओळी लिहिल्या. चांगल्या झाल्या होत्या. मग त्या खोडल्या आणि मॉनिटरना उलट फोन केला. मी आपणहून कुणाला फोन करतोय हे बघून बायको दारात येऊन उभी राहिली.

‘टीप नको,’ मी म्हणालो. ‘त्या तिघांनी सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. मग मी कोण सांगणारा?’

‘पण नवीन वाचकाला कळणार कसं?’

‘मुक्काम जवळ दिसतील. विचारात पडेल तो.’

‘आणि नाही पडला तर?’

‘तर आत्याबरोबर घरी पोचेल. आम्ही पोचलो तसा.’

मग म्हणाल्या, ‘मी गटालाही सांगते. पुढच्या फेरीत नवीन येतील त्यांना कुणी आधी सांगायचं नाही. भट्टीचं तोंड मी बघते.’

एक गोष्ट राहिली. त्या तीन टप्प्यांचा हिशोब चाळीसने केल्यावर वाट समुद्रातून बाहेर आली, पण घराच्या दारापर्यंत गेली नाही. दोन हाका अलीकडे थांबली. कचेरीत अशी चूक उरली की ती सगळ्या टप्प्यांवर थोडी थोडी वाटून टाकतात. नियमच आहे तसा, आणि मी हजारो वेळा तो पाळलाय. कुणाला दिसतही नाही. मी मोजपट्टी घेतली, प्रत्येक टप्पा केसभर ताणला की काम झालं असतं.

मी ताणला नाही. पाचव्या खंडाचं शेवटचं प्रकरण काढून वाचलं. शहर दिसल्यावर काय होतं ते बाई लिहीत नाहीत. एक परिच्छेद संपतो आणि पुढच्यात सगळी घरात असतात. त्या मधल्या कोऱ्या जागेत शेवटचा चढ असणार. मी वाट जिथे संपत होती तिथेच संपवली, दारापासून दोन हाका अलीकडे, आणि शाई वाळेपर्यंत तिथे थांबलो.